मोटारीची काच आणि माणसाचा जीव

(न्यासाच्या हीरक महोत्सवानिमित्त इंदूर येथे झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



या व्याख्यानमालेत आमच्याआधी संतवाङ्मयावर, होळकरांच्या कारभारावर आणि नाट्यसंगीतावर व्याख्याने झाली. अशा थोर विषयांच्या पंगतीत मोटारीच्या काचेने येऊन पाट मांडावा, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु आपल्या न्यासाचे काम डोळ्यांपुढे आणले म्हणजे हा विषय परका राहत नाही. न्यास दरवर्षी पंढरपूरच्या यात्रेसाठी बस ठरवतो, वसतिगृहाच्या मुलांना सहलीला नेतो, गरजू रुग्णांना मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत पोचवण्यासाठी गाडी देतो. आपल्यापैकी बहुतेक घरांची सोयरीक धुळे, जळगाव, नाशिक, पुणे या बाजूला आहे. लग्न असो, मुंज असो, की कोणाचा दहावा-तेरावा असो, महू-मानपूर मागे टाकून, खलघाटला नर्मदा ओलांडून, सेंधव्यापुढचा बिजासन घाट उतरून आपण धुळ्याच्या वाटेला लागतो. या सबंध प्रवासात आपण आणि बाहेरचा रस्ता यांच्यामध्ये कमरेच्या वर जवळजवळ सगळी काचच असते.

आमचे आयुष्य मोटारींच्या दुरुस्तीत गेले. गाडी घेताना माणसे रंग पाहतात, इंजिन पाहतात, एक लिटरमध्ये किती धावते ते विचारतात. काचेविषयी कोणी प्रश्न विचारल्याचे आमच्या फारसे ऐकिवात नाही. म्हणून आज एवढी एकच गोष्ट आपणांस सांगायची आहे. मोटारीची काच मुळीच फुटू नये अशी कोणी बनवीत नाही. ती फुटलीच तर माणसाला कमीत कमी इजा होईल अशा रीतीने फुटावी, यासाठी सारी कारागिरी खर्ची पडलेली असते. मात्र आपल्या गाडीतील कोणती काच कशी फुटते हे प्रवाशाला ठाऊक नसेल, तर त्या कारागिरीचा निम्मा उपयोग वाया जातो.

प्रथम साध्या काचेची खोड पाहू. आपल्या मराठी मुलुखाला काच काही नवी नाही. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना निघाला, आणि कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील तर घरोघरी लटकत असे. ज्यांनी कंदील वापरला आहे त्यांना आठवत असेल की तापलेल्या काचेवर पाण्याचा एक थेंब उडाला तरी ती तडकते. थेंब पडतो तेथील काच एकदम थंड होऊन आकसते, भोवतालची काच गरमच असल्यामुळे तिला आकसू देत नाही, आणि या ओढाताणीत तडा जातो. काचेला दाब पुष्कळ सोसतो, ताण मात्र सोसत नाही. आणि साधी काच फुटली म्हणजे तिचे सुऱ्यासारखे लांब, धारदार तुकडे होतात. आरंभीच्या मोटारींना अशीच खिडकीची साधी काच बसवलेली असे. टक्कर फार मोठी नसली तरी माणसाचा चेहरा आणि गळा त्या काचेने कापला जात असे.

यावर पहिला तोडगा फ्रान्समध्ये निघाला. एद्वार बेनेदिक्तुस या नावाचे एक गृहस्थ चित्रकार होते आणि रसायनशास्त्राचेही जाणकार होते. १९०३ साली त्यांच्या प्रयोगशाळेत काचेचा एक चंबू उंचावरून खाली पडला. त्याला तडे गेले, परंतु तुकडे सुटे झाले नाहीत, असे सांगतात. पूर्वी त्यात ठेवलेले कोलोडियन नावाचे द्रव्य सुकून आतून त्याचा पातळ पापुद्रा बसला होता, आणि त्या पापुद्र्याने सारे तुकडे धरून ठेवले होते. पुढे मोटारीच्या अपघातांत काचेने जखमी झालेल्या माणसांच्या बातम्या वाचून त्यांना त्या चंबूची आठवण झाली, आणि १९०९ साली त्यांनी दोन काचांमध्ये असा पापुद्रा घातलेल्या काचेचे पेटंट घेतले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांना ही काच लावली गेली. १९२७ च्या डिसेंबरात फोर्ड कंपनीने ‘मॉडेल ए’ मोटार बाजारात आणली, तिच्यात पुढची काच याच जातीची होती.

हीच आजची लॅमिनेटेड काच, म्हणजे थरांची काच. सुमारे दोन-दोन मिलिमीटर जाडीच्या दोन काचा आणि त्यांच्यामध्ये पारदर्शक चिवट पापुद्रा, अशी तिची रचना. पुरणपोळीत पुरण असावे तशी. जुन्या पापुद्र्याचा दोष असा की उन्हाने तो पिवळा पडे. १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच्या जागी पॉलिव्हिनाइल ब्युटिराल हे द्रव्य आले. ते पिवळे पडत नाही, काचेला घट्ट चिकटते आणि रबरासारखे ताणले जाते. उन्हातील अतिनील किरणही ते बहुतेक सारे अडवते.

या ताणले जाण्यातच सारे रहस्य आहे. डोके काचेवर आदळले म्हणजे दोन्ही काचा तडकतात, कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटतात, परंतु मधला पापुद्रा झोळीसारखा बाहेर फुगतो आणि डोक्याचा वेग हळूहळू जिरवतो. आरंभी हा पापुद्रा ०.३८ मिलिमीटरचा असे. जोराच्या धडकेत तो फाटून डोके आरपार जाई आणि मागे येताना मानेला काचेची कड लागे. १९६६ पासून अमेरिकेतील मोटारींत तो दुप्पट, म्हणजे ०.७६ मिलिमीटरचा झाला आणि तोंडावरच्या भयंकर जखमा पुष्कळ कमी झाल्या. अर्ध्या मिलिमीटराहूनही कमी जाडीचा हा फरक. पण त्याने किती माणसांचे चेहरे राखले!

आता दुसरी जात. ती म्हणजे टफन्ड किंवा टेम्पर्ड काच. गॅरेजमध्ये तिला नुसते ‘टफन’ म्हणतात. बाजूच्या दारांच्या आणि मागची अशा बहुतेक काचा या जातीच्या असतात. हिच्यात एकच काच असते, मध्ये पापुद्रा नसतो. काच हव्या त्या आकारात कापून, कडा घासून झाल्यावर ती सुमारे ६२० ते ६५० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात आणि मग दोन्ही बाजूंनी थंड हवेचे जोरदार झोत सोडून एकदम निववतात. वरचा थर आधी घट्ट होतो, गाभा मागाहून निवतो आणि आकसताना वरच्या थराला आत ओढून धरतो. बैलगाडीच्या चाकाला धाव बसवताना आपण पाहिले असेल. लाल केलेली लोखंडी धाव चाकावर चढवून पाणी ओततात, ती आकसते आणि लाकूड आवळून धरते. तेथे बाहेरचे लोखंड आतल्या लाकडाला आवळते. येथे आतला गाभा बाहेरच्या पृष्ठभागाला आवळतो, एवढाच फेर. ज्या ओढाताणीने कंदिलाची काच तडकत होती, तीच येथे माणसाने कामाला जुंपली आहे. पृष्ठभाग सतत दाबाखाली असल्यामुळे ही काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते.

परंतु हा दाब आणि आतला ताण यांचा तोल एकदा का मोडला, म्हणजे एखादी टोकदार वस्तू पृष्ठभागाच्या खाली शिरली, की एका क्षणात सबंध काच खडीसाखरेसारख्या बारीक, बोथट खड्यांत विखुरते. अंगावर खरचटेल, क्वचित लहान जखम होईल, पण सुऱ्यासारखा तुकडा पोटात जाणार नाही. म्हणूनच टफन काच तयार झाल्यावर तिला कापता किंवा भोक पाडता येत नाही. ‘थोडी कापून बसवून देतो’ असे कोणी काचवाला म्हणाला, तर ती टफन नव्हेच, साधी काच आहे, असे खुशाल समजावे.

कोणी विचारील की टफन इतकी मजबूत, तर पुढेही तीच का नको? पूर्वी ती पुढेही वापरीत. जुन्या गाड्या चालवणाऱ्या मंडळींना तो अनुभव असेल. समोरच्या ट्रकच्या चाकातून खडा उडाला, की सारी काच एकदम पांढरी जाळीदार होऊन चालकाला पुढचे काही दिसेनासे होई. घाटात असे झाले तर पुढचा प्रसंग सांगायला नको. शिवाय डोके आदळले तर तिला झोळी होता येत नाही. म्हणून आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी, सवलतीची मुदत संपल्यावर बनलेल्या मोटारींना पुढची काच थरांचीच हवी असे ठरवले. त्याच नियमांप्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. काळ्या फिल्मबाबत २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने कडक आदेश दिले, ते अनेकांना आठवत असतील. फिल्म लावून ऊन कमी लागते हे खरे. परंतु पावसाळी रात्री काळ्या काचेतून शेजारचा सायकलस्वार दिसत नाही, हेही तितकेच खरे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. काच सुरक्षित आहे म्हणून कमरेचा पट्टा कशाला, असा हिशेब काही जण करतात. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकाएकी थांबली, तर आतल्या मोकळ्या माणसाला बसणारा धक्का सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. पुढची काच हा धक्का एकटीने सोसू शकत नाही. आणि गाडी उलटली तर बाजूची टफन काच आधीच खड्यांत विखुरलेली असते. पट्टा न लावलेला माणूस त्या मोकळ्या चौकटीतून बाहेर फेकला जातो. मागे बसणाऱ्यांनाही पट्टा कायद्याने बंधनकारक आहे, पण आपल्याकडे मागचे पट्टे गादीखाली खोचून ठेवण्याची रीत पडली आहे. आजी नातवाला मांडीवर घेऊन पुढे बसते, किंवा वरातीत मुले छताच्या उघड्या काचेतून डोके बाहेर काढून उभी राहतात, हे पाहून आमच्या पोटात गोळा येतो. काच आणि पट्टा ही जोडी आहे. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही.

पुढच्या काचेवर आता आणखी एक जबाबदारी आली आहे. पूर्वी ती रबराच्या पट्टीत बसवलेली असे. हल्ली ती पॉलियुरेथेनच्या चिकटद्रव्याने गाडीच्या सांगाड्याला चिकटवतात. गाडी उलटली असता छत दबू नये यासाठी तिचा आधार होतो. पुष्कळ गाड्यांत डाव्या बाजूच्या प्रवाशासमोरची हवेची पिशवी फुगताना याच काचेला टेकून प्रवाशाकडे वळते. काच नीट चिकटलेली नसेल तर पिशवीच्या जोराने ती बाहेर पडते आणि पिशवी भलतीकडे जाते. म्हणून काच बदलताना दोन पैसे वाचवण्यासाठी कसलेही सीलंट फासू देऊ नये. जुने चिकट नीट खरवडले पाहिजे, योग्य प्रायमर लावला पाहिजे, आणि चिकट सुकायला त्याच्या उत्पादकाने सांगितलेला वेळ, मग तो एक तास असो की एक दिवस, गाडी उभी ठेवली पाहिजे. लहानसा टवका उडाला असेल तर त्यात राळेसारखे द्रव्य भरून तो बुजवता येतो. परंतु हे लवकर करावे. भेग एकदा कडेपर्यंत पोचली किंवा चालकाच्या नजरेसमोर आली, की काच बदलण्यावाचून उपाय नाही. वायपरने ओरखडलेली काच दिवसा चालून जाते, पण रात्री समोरच्या दिव्यांचा झोत तिच्यावर पसरून चालकाला आंधळे करतो.

आता सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळू. तो म्हणजे अडकल्यावर बाहेर पडणे. १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरकडे निघालेली महाराष्ट्र राज्य परिवहनची बस खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली आणि प्रवासी प्राणास मुकले. त्या दुर्घटनेचा संबंध काचेशी जोडण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ज्या पुलावरून आपण वर्षातून चार वेळा जातो, त्या पुलावर ती घडली. अशा वेळी काय करावे, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असले पाहिजे, एवढाच बोध आम्ही त्यातून घेतो.

गाडी पाण्यात पडली तर ती लगेच बुडत नाही; थोडा वेळ तरंगते. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी खऱ्या गाड्या पाण्यात लोटून याचा अभ्यास केला आहे. त्यांचे सांगणे असे की पहिले मिनिटच काय ते आपल्या हाती असते. दार उघडण्याच्या खटपटीत ते घालवू नये. बाहेरच्या पाण्याचा दाब दार उघडू देत नाही, आणि उघडलेच तर पाणी लोंढ्याने आत येऊन गाडी तत्काळ बुडते. पट्टा सोडावा, बाजूची काच खाली करावी, मुलांना आधी बाहेर काढावे आणि मग आपण निघावे. विजेवर चालणाऱ्या काचा पाण्यात पडल्यावरही बहुधा थोडा वेळ चालतात. म्हणून फोन करण्याआधी बोट त्या बटणावर गेले पाहिजे. काच उतरत नसेल तर फोडावी. पुढच्या काचेच्या वाटेला जाऊ नये. ती तडकेल, पण वाट देणार नाही. बाजूच्या टफन काचेच्या मधोमध मारू नये, कारण मध्यभाग लवतो, कोपऱ्याजवळ मारावे. हाताने किंवा बुटाने ती सहसा फुटत नाही. टोकदार हातोडी किंवा स्प्रिंगचे छोटे हत्यार हवे. पाण्याखाली हातोडीचा वार मंदावतो, म्हणून स्प्रिंगचे हत्यार अधिक बरे. आणि ते चालकाच्या हाताशी हवे. मागच्या डिकीत ठेवलेले हत्यार घरी ठेवल्यासारखेच.

यातही एक नवी गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आवाज कमी यावा आणि माणूस बाहेर फेकला जाऊ नये म्हणून अलीकडे काही गाड्यांच्या बाजूच्या काचाही थरांच्या असतात. २०१९ साली अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने सहा प्रकारची काच फोडण्याची हत्यारे तपासली. त्यांपैकी चार हत्यारांनी टफन काच फोडली. थरांची काच एकालाही फोडता आली नाही. म्हणजे जी काच उलटलेल्या गाडीत आपल्याला आत धरून ठेवते, तीच पाण्यात आपली वाट अडवू शकते. तेव्हा आपल्या गाडीत कोणती काच कोठे आहे हे आजच पाहून ठेवावे. प्रत्येक काचेच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत शिक्का असतो, त्यात बहुधा इंग्रजीत ‘लॅमिनेटेड’ किंवा ‘टेम्पर्ड’ हा शब्द असतो. आपल्या देशातील मानकाचा क्रमांक २५५३ हाही पुष्कळदा आढळतो. ज्या काचेवर कसलाच शिक्का नाही ती कोणी, कोठून आणून बसवली, हे विचारावे. बाजूच्या सर्व काचा थरांच्या असतील तर मागची काच पाहावी. ती पुष्कळदा टफन असते.

बसची गोष्ट थोडी निराळी. वातानुकूल आणि झोपण्याच्या बसमध्ये खिडक्या उघडत नाहीत. आग लागली तर आपत्कालीन दार किंवा काच हीच वाट. काच फोडण्यासाठी हातोडी टांगलेली असावी लागते; परंतु कित्येक बसमध्ये खुंटी असते आणि हातोडी नसते, आणि आपत्कालीन दारासमोर वळकट्या रचलेल्या असतात. बस सुटल्यावर हे पाहून उपयोग नाही.

म्हणून, विश्वस्त मंडळी, या हीरक महोत्सवी वर्षात आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, न्यासाने कोणतीही बस ठरवताना भाड्याच्या घासाघिशीआधी एका माणसाला ती बस प्रत्यक्ष पाहायला पाठवावे. आपत्कालीन दार उघडते का, हातोड्या जागेवर आहेत का आणि पुढची काच धड आहे का, एवढे तीन प्रश्न त्याने विचारावेत. दुसरी, यात्रेची बस सुटण्यापूर्वी गणपतीचा जयजयकार होतो तो अवश्य व्हावा, पण त्यानंतर दोन मिनिटे कोणीतरी उभे राहून बाहेर पडण्याच्या वाटा सर्वांना हाताने दाखवाव्यात, विशेषतः वृद्ध मंडळींना आणि मुलांना. तिसरी, रुग्णांसाठी जी गाडी न्यास देतो, तिच्यात चालकाच्या हाताशी पट्टा कापण्याचे आणि काच फोडण्याचे हत्यार बांधून ठेवावे. या तिन्ही गोष्टींना मिळून जो खर्च येईल तो एका हारतुऱ्याच्या खर्चाहून अधिक नाही.

आणि आपण सर्वांनी आज घरी गेल्यावर गाडीच्या काचांवरचे शिक्के वाचावेत. मुलांना ते काम सांगावे. ती आवडीने करतील आणि जन्मभर विसरणार नाहीत. तळेगावच्या कारखान्यासाठी लोकांनी एकेक पैसा दिला होता. आम्ही आपणांकडे फक्त पाच मिनिटे मागत आहोत.

न्यासाने इतकी वर्षे परगावच्या विद्यार्थ्याला निवारा दिला, रोग्याला आधार दिला आणि वारकऱ्याला पंढरीची वाट दाखवली. त्या वाटेवरून गेलेला प्रत्येक जण सुखरूप घरी परतावा, अशी पांडुरंगाच्या चरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.